बंद झालेला नंबर

ट्रान्झिस्टरचा इक्विव्हॅलेंट मागायला दुकानात जाण्याआधी सर्किटसमोर नीट बसावं, असं माझं ठाम मत आहे. मूळ ट्रान्झिस्टर कोणता होता, यापेक्षा तो तिथे काय काम करत होता हे आधी कळायला हवं.

जुन्या मासिकांतली सर्किट्स करून बघायचा मला नाद आहे. ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’चे ऐंशीच्या दशकातले अंक उघडले की बीसी १४८, बीएफ १९४, एसएल १०० हीच मंडळी भेटतात. यादी घेऊन बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत गेलं की काउंटरवरचे काका कागदावरून नजर फिरवतात आणि म्हणतात, “१४८ बंद झाला. ५४८ घेऊन जा.” ते बरोबरच सांगतात. पाण्याच्या टाकीचा अलार्म असेल, तर बीसी १४८च्या जागी ५४८ बिनबोभाट चालतो. दोन्ही सिलिकॉनचे, दोन्ही एनपीएन, दोघांची ताकद १०० मिलिअँपिअरची.

पण एसएल १००च्या जागी बीसी ५४७ चालेल का, याला एक उत्तर नाही. बारा व्होल्टचा, ४०० ओहम कॉइलचा रिले ओढायचा असेल तर ३० मिलिअँपिअर पुरतात. ५४७ ते आरामात देतो. तिथेच छोटी मोटर किंवा बल्ब असेल तर ५४७ जळणार. मग २एन२२२२ नाहीतर बीडी १३९ बघावा लागतो.

पायांचा क्रम ही वेगळीच गोष्ट. बीसी ५४७ची चपटी बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०४ अगदी उलटा. जपानी सी १८१५चा कलेक्टर मध्ये, बीएफ ४९४चा एमिटर मध्ये. म्हणून नवा ट्रान्झिस्टर मी आधी मल्टिमीटरला लावतो. डायोड रेंजवर ज्या पायापासून उरलेल्या दोन्हींकडे साधारण ०.६ ते ०.७ व्होल्ट दिसतात, तो बेस. त्या दोन आकड्यांत जो किंचित मोठा, तो एमिटरकडचा. फरक काही मिलिव्होल्टचाच असतो, पण दिसतो.

खरा कस लागला तो मामांच्या रेडिओत. चार सेलचा जुना सेट, आउटपुटला एसी १२८ची जोडी, त्यातला एक गेलेला. एसी १२८ जर्मेनियमचा. युरोपीय पद्धतीच्या नंबरात पहिलं अक्षर ए म्हणजे जर्मेनियम, बी म्हणजे सिलिकॉन. गल्लीत एसी १२८ मिळेना. काकांनी एसके १०० पुढे केला. पीएनपी आहे, करंट पुरेसा आहे, सहा व्होल्टची तर त्याला पर्वाच नाही. एक जर्मेनियमचा आणि एक सिलिकॉनचा अशी जोडी जमणार नव्हती, म्हणून मी दोन घेतले आणि दोन्ही एकदम बदलले.

सेट सुरू झाला. मोठ्या आवाजात गाणं ठीक वाटलं. आवाज कमी केला की मात्र निवेदकाचा शब्द न् शब्द फाटत होता, घसा बसल्यासारखा. कारण बायसमध्ये होतं. जर्मेनियम ट्रान्झिस्टर बेसवर ०.१ ते ०.२ व्होल्ट मिळाले की जागा होतो आणि त्या सेटमधले रेझिस्टर तेवढ्यासाठीच बसवलेले. सिलिकॉनला ०.६ लागतात. जोडीतला एक ट्रान्झिस्टर लाटेची वरची बाजू सांभाळतो, दुसरा खालची. शून्याजवळ दोघंही झोपलेले, म्हणून तेवढा तुकडा गायब. आवाज लहान असताना लाटेचा बराचसा भाग याच पट्ट्यात येतो, म्हणून फाटणं तेव्हाच जास्त कानावर येतं.

बायसच्या जोडीतला खालचा रेझिस्टर काढून तिथे १एन४१४८ डायोड लावला आणि त्याच्याशी सिरीजमध्ये एक छोटा प्रिसेट. डायोडही सिलिकॉनचा, त्यामुळे गरम झाल्यावर त्याचं व्होल्टेज डिग्रीमागे सुमारे दोन मिलिव्होल्टनं उतरतं, ट्रान्झिस्टरचं उतरतं तसंच. एरवी तापलेला ट्रान्झिस्टर जास्त करंट ओढतो आणि आणखी तापतो. डायोड एका एसके १००च्या अंगाला चिकटवून ठेवला. मग सेलच्या वायरीत मल्टिमीटर घालून, व्हॉल्यूम अगदी कमी ठेवून, प्रिसेट हळूहळू फिरवत गेलो. करंट काही मिलिअँपिअर वाढला आणि आवाज साफ झाला. तिथेच थांबलो, त्यापुढे नुसते सेल संपतात.

टॉवर्स यांच्या ‘इंटरनॅशनल ट्रान्झिस्टर सिलेक्टर’मध्ये व्होल्ट, करंट, गेन, फ्रिक्वेन्सी असे रकाने असतात आणि त्यांच्याजवळच पर्यायी नंबर. ते पुस्तक मला अजून फार उपयोगी पडतं. पण शेजारच्या रेझिस्टरनं बेसवर किती व्होल्ट ठेवलेत, हे कुठल्या रकान्यात मावणार?

मामांचा सेट बंद करताना मागच्या झाकणाला आतून एक चिठ्ठी चिकटवली: “आउटपुटला एसके १००, बायस ०.६ व्होल्टवर नेला आहे. एसी १२८ पुन्हा बसवायचे असतील तर आधी डायोड आणि प्रिसेट काढून मूळ रेझिस्टर लावा.” तो रेझिस्टर त्याच चिठ्ठीखाली टेपनं लावून ठेवला. पुढे कुणाला एसी १२८ सापडले आणि त्यानं ते या बायसवर तसेच बसवले, तर ते बेफाम करंट ओढून जळतील.