विद्येच्या पेठेंत चार दिवस

आपल्याकडे गृहस्थानें घराबाहेर पडण्याचीं कारणें पूर्वीं मोजकींच असत: काशीयात्रा, लग्नकार्य आणि कोर्टांतील तारीख. अलीकडे त्यांत आणखी एका यात्रेची भर पडली आहे. बारावीचा निकाल खिशांत घालून, मुलाला किंवा मुलीला बरोबर घेऊन, कॉलेजांचे उंबरठे झिजविण्याची ही यात्रा होय. हिला मुहूर्त लागत नाहीं. क्षेत्रोपाध्याय मात्र पावलोपावलीं भेटतात, आणि दक्षिणेचा आंकडा ऐकून यजमानाचे डोळे पांढरे होतात. गेल्या ज्येष्ठांत, म्हणजे सन २०२५ च्या जून महिन्यांत, हा योग आमच्याही घरीं आला.

आमचें बिऱ्हाड वाईचें, आणि अद्याप एकत्र. वडील बंधूंची नात शास्त्रशाखेंतून चांगल्या गुणांनीं बारावी उत्तीर्ण झाली. तिची ओढ संख्याशास्त्राकडे. तिच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या पुतण्याचा, निश्चय संगणक-अभियांत्रिकीचा. त्याकरितां कृष्णाकांठचा मळा बँकेकडे गहाण टाकण्याची त्याची तयारी होती. मळा बंधूंच्या नांवावर. त्यांनीं पुतण्याचें सर्व बोलणें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाले, "आधीं डोळ्यांनीं पाहून या. काका बरोबर जातील. मग मी सही करतों."

याप्रमाणें आम्ही तिघें निघालों. सुरूर फाट्याला हमरस्ता लागतो. पुण्याकडे जाणारी गाडी खंबाटकीचा घाट न चढतां बोगद्यांतून पलीकडे उतरते. शिरवळाजवळ नीरा ओलांडली कीं रस्त्याच्या दोन्ही बाजूंस फलक सुरू होतात. पूर्वीं या जागेवर बियाण्यांच्या आणि सिमेंटाच्या जाहिराती असत. आतां विद्येच्या आहेत. हंसतमुख मुलें, कांचेच्या इमारती आणि खालीं मोठ्या अक्षरांत वार्षिक वेतनाचे आंकडे. स्वारगेटला उतरेपर्यंत माझ्या पुतण्यानें चार दूरध्वनि-क्रमांक उतरून घेतले होते.

पहिला दिवस आम्हीं फर्ग्युसन कॉलेजास दिला. टेकडीच्या पायथ्याशीं पसरलेलें तें विस्तीर्ण आवार, जुन्या दगडी इमारती आणि वडापिंपळांची गर्द सांवली पाहून कोणाचेंही मन प्रसन्न व्हावें. डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १८८५ सालीं हें कॉलेज स्थापिलें. माझ्यासारख्या संस्कृताच्या विद्यार्थ्याला या जागेचें महत्त्व निराळ्याच कारणानें वाटतें. ज्यांचा कोश उशाशीं घेऊन आमच्या पिढीनें काव्यें वाचलीं, ते वामन शिवराम आपटे येथील पहिले प्राचार्य. १८९२ सालीं, वयाच्या पस्तिशीच्या आंतच, ते निवर्तले. त्यांच्या मागून आगरकर त्या जागेवर आले. गोपाळराव गोखल्यांसारखा मनुष्य वीस वर्षें सेवा करण्याच्या वचनानें दरमहा ७५ रुपयांवर येथें शिकवीत होता. ही गोष्ट मीं नातीला सांगितली तेव्हां तिनें विचारलें, "आजोबा, मग मुलांची फी कमी होती ती या लोकांनीं भरली असेंच ना?" प्रश्न मार्मिक होता. विद्या स्वस्त असेल तेथें तिची किंमत दुसऱ्या कोणीतरी मोजलेली असते.

आज ती किंमत बव्हंशीं सरकार मोजतें, आणि पालकांनीं सर्वांत आधीं विचारण्याचा प्रश्न येथूनच निघतो. एकाच आवारांत, कित्येकदां एकाच मजल्यावर, कांहीं अभ्यासक्रम अनुदानित असतात व कांहीं विनाअनुदानित. अनुदानित तुकडीच्या अध्यापकांचें वेतन सरकारी तिजोरींतून येतें, म्हणून तेथील फी वर्षाला कांहीं हजारांत आटोपते; विनाअनुदानित तुकडीचा सर्व भार विद्यार्थ्यांच्या फीवर, म्हणून ती कित्येक पट भरते. नांव तेंच, फाटक तेंच, मैदान तेंच. पैसा मात्र वेगळा. प्रवेशपत्रिकेवर हें बारीक अक्षरांत असतें. मी खिडकीवरच्या कारकुनाला स्पष्ट विचारलें, आणि संख्याशास्त्राची पदवी अनुदानित तुकडीत घेतां येते असें कळलें. त्या सज्जन गृहस्थानें आणखीही एक गोष्ट सांगितली, ती पुढें येईलच.

दुसरे दिवशीं सकाळीं टिळक रस्त्यावरील सर परशुरामभाऊ कॉलेज पाहिलें. शिक्षण प्रसारक मंडळीनें तें १९१६ सालीं सुरू केलें. तेथून आम्ही संगमाकडे वळलों. मुळामुठेच्या कांठचें अभियांत्रिकी कॉलेज १८५४ सालचें; सरकारी बांधकामांवर देखरेख करणारीं माणसें तयार करावीं एवढाच तेव्हां हेतु. विश्वेश्वरय्या येथूनच शिकून बाहेर पडले. २०२२ पासून या संस्थेला स्वतंत्र तंत्रशास्त्र-विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. नदींत मुलांच्या होड्या चालतात त्या घाटावर आम्ही बसलों, आणि तेथेंच पुतण्याला प्रवेशपद्धति नीट समजावून घ्यावी लागली. कारण त्याच्या मनांत तिजविषयीं भलतेच गैरसमज होते.

पहिला गैरसमज पर्सेंटाईलविषयींचा. सामाईक परीक्षेंत पंचाण्णव पर्सेंटाईल म्हणजे शेंकडा पंचाण्णव गुण नव्हेत. शंभर परीक्षार्थींपैकीं सुमारें पंचाण्णव आपल्या बरोबरीस वा मागें आहेत, एवढाच त्याचा अर्थ. दुसरा गैरसमज पसंतीक्रमाचा. "वरचें कॉलेज आधीं लिहिलें आणि तें मिळालें नाहीं, तर खालचेंही हातचें जाईल," असें त्याला कोणीं तरी सांगितलें होतें. वस्तुतः यंत्र विद्यार्थ्याची यादी वरून खालीं वाचीत जातें आणि गुणानुक्रमें जी पहिली जागा निघेल ती देतें. म्हणून मनांत जो क्रम असेल तोच कागदावर लिहावा. यांत तोटा कांहींच नाहीं. मात्र पहिल्या पसंतीची जागा मिळाली कीं ती अंतिम धरतात, पुढच्या फेरींत सुधारणा मागतां येत नाहीं. तेव्हां जेथें खरोखर जावयाचें नाहीं तें नांव पहिल्या ओळींत घालूं नये. इतकी साधी गोष्ट, पण ती न कळल्यामुळें दरवर्षीं कित्येक घरांत रडारड होते.

आतां कारकुनानें सांगितलेली गोष्ट. ८ जुलै २०२४ च्या शासननिर्णयानें, ज्या मुलींच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे आणि ज्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास किंवा इतर मागास वर्गांत मोडतात, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण-फी व परीक्षा-फी पूर्ण माफ झाली आहे. अट अशी, कीं प्रवेश सरकारी केंद्रीय प्रक्रियेंतून झाला पाहिजे. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतलेली जागा, किंवा खासगी स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठांतील जागा, यांना ही सवलत नाहीं. मुलांकरितां इतकी उदार योजना नाहीं. परंतु आठ लाखांची तीच मर्यादा धरून राजर्षि छत्रपति शाहू महाराजांच्या नांवच्या योजनेंतून त्यांची निम्मी फी मिळूं शकते. ब्राह्मण घरांतून एक समजूत दृढ आहे कीं सरकारी सवलत आपल्यासाठीं नसतेच. २०१९ पासून दुर्बल घटकांसाठीं दहा टक्के जागा राखीव झाल्या, तरी तहसीलदाराकडे जाऊन दाखला काढण्याचा संकोच अद्याप पुष्कळांना वाटतो. हा संकोच फार महागांत पडतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, दुर्बल घटकाचें प्रमाणपत्र हीं निकालापूर्वींच काढून ठेवावीं. जून महिन्यांत कचेरींत उभें राहण्यास जागा नसते.

माझ्या पुतण्याचा चेहरा हें ऐकतांना पाहण्यासारखा झाला होता. आमच्या घराचें उत्पन्न त्या मर्यादेच्या आंतच होतें. तरीही त्यानें उतरून घेतलेल्या चार क्रमांकांपैकीं एकाकडे भेटीची वेळ ठरली होती, म्हणून तिसरे दिवशीं आम्ही शहराबाहेर गेलों. संस्थेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. इमारत देखणी, आंत गारवा, आणि बसावयास मऊ आसनें. एक तरुण बाई आल्या. समुपदेशक असें त्यांच्या छातीवर लिहिलें होतें. त्यांनीं वर्षाचा आंकडा सांगितला तो लाखांत होता, तो चारांनीं गुणावयाचा, वसतिगृह व भोजन निराळें. आज कांहीं रक्कम भरली तर जागा पक्की, उद्यां सांगतां येणार नाहीं. नंतर त्यांनीं गेल्या वर्षींच्या मुलांच्या नोकऱ्यांचा तक्ता पुढें केला. सर्वांत मोठें वेतन लाल अक्षरांत.

नात इतका वेळ गप्प होती. तिनें तक्ता वाचला आणि म्हणाली, "सर्वांत मोठा आंकडा एकाच मुलाचा. सरासरीही नको. मध्यक सांगाल का? आणि नोकरी न मिळालेलीं मुलें यांत मोजलीं आहेत का?" बाईंनीं वरच्या साहेबांना विचारून सांगतें म्हटलें आणि चहा मागविला. मी आपला दुसरा प्रश्न विचारला: कायम अध्यापक किती व तासिकेवर येणारे किती? त्याचेंही उत्तर ई-मेलनें येणार होतें. चहा उत्तम होता. त्यावर आम्हीं ती रक्कम भरली नाहीं.

त्या रात्रीं सदाशिव पेठेंतील नातलगांच्या माडीवर पुतण्या आणि मी हिशेब मांडून बसलों. दहा लाखांचें कर्ज, शेंकडा दहा व्याज, दहा वर्षांत फेड, असें धरलें तर हप्ता दरमहा सुमारें १३,२०० रुपये बसतो आणि एकंदर १५,८६,००० रुपये परत जातात. शिकत असतांनाचें व्याज चढूं दिलें तर याहून अधिक. शैक्षणिक कर्ज वाईट असें माझें म्हणणें नाहीं. उलट, बँकांच्या नमुना-योजनेप्रमाणें साडेसात लाखांपर्यंत जमीन-घर तारण मागत नाहींत, आणि २०२४ सालच्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेंत निवडक चांगल्या संस्थांसाठीं तारणावांचून व जामिनावांचून कर्ज मिळतें. पण मुलीच्या पहिल्या पगारांतून कोणता हप्ता जाणार, हें आधीं कागदावर लिहून पाहावें. मळा गहाण पडला असता तो तिच्या नोकरीच्या भरंवशावर, आणि ती नोकरी कोणत्या तक्त्यावरून ठरविली हें आम्ही सकाळींच पाहून आलों होतों.

फीहून मोठा खर्च पुष्कळदां राहण्या-खाण्याचा असतो. पुण्याला याचा जुना अनुभव आहे. वारावर जेवून आणि माधुकरी मागून शिकलेल्या मुलांचें हें शहर. त्यांच्यासाठीं १९०९ सालीं अनाथ विद्यार्थी गृह निघालें, आणि १९५५ पासून विद्यार्थी साहाय्यक समिति खेड्यांतल्या मुलामुलींची अल्प खर्चांत सोय करीत आहे. चौथे दिवशीं गणेशखिंडीस विद्यापीठ पाहावयास गेलों. एकेकाळचा गव्हर्नरांचा बंगला, मनोरा, हिरवळ. १९४९ सालीं तेथें विद्यापीठ आलें, आणि २०१४ पासून त्यास सावित्रीबाई फुल्यांचें नांव आहे. कर्मवीर भाऊरावांच्या नांवची कमवा व शिका योजना या विद्यापीठाकडून चालते. विद्यार्थी कांहीं तास काम करून आपला खर्च भागवितात. सातारा जिल्ह्यांतल्या माणसाला ती पाहून धन्यता वाटल्यावांचून राहत नाहीं. गरिबीची लाज न वाटतां शिकावें ही गोष्ट त्या पुरुषानें आमच्या मुलुखाला शिकविली.

परत येतांना गाडींत वादाचें स्वरूप पालटलें होतें. दोन्ही वाटांवर फीचा अडसर उरला नव्हता. मग पैशाच्या आडोशाला लपलेला खरा प्रश्न उघडा पडला: मुलीनें काय शिकावें हें कोणी ठरवावयाचें? पुतण्या म्हणाला, "काका, फुकट अभियांत्रिकी मिळत असतां ती सोडणें म्हणजे लक्ष्मीला पाठ दाखविणें." नात म्हणाली, "बाबा, फुकट म्हणून चार वर्षें नावडतें शिकूं?" माझें मत तिच्या बाजूचें होतें आणि तें मीं लपविलें नाहीं. तीस वर्षें वर्गांत उभा राहिलों. बळेंच पाठ केलेलें किती दिवस टिकतें हें मला ठाऊक आहे. तथापि वडिलांचें मन मोडूं नये म्हणून तिनें दोन्ही अर्ज भरण्याचें कबूल केलें. अभियांत्रिकीच्या यादींत तिनें फक्त तीच कॉलेजें लिहिलीं, जेथें खरोखर जाण्याची तयारी होती. आईच्या मोबाईलवर सांकेतिक अंक येत होते, दिवे एकदां गेले, आणि अर्ज रात्रीं पाऊणवाजतां पूर्ण झाला.

तिला दोन्हीकडे जागा मिळाली. तिनें फर्ग्युसनमधील संख्याशास्त्र घेतलें. बंधूंनीं मळ्याचा कागद कपाटांत परत ठेवला. पुतण्या आठ दिवस अबोला धरून होता. मग एके दिवशीं संध्याकाळीं मध्यक आणि सरासरी यांत काय फरक, तें तिच्याकडून समजावून घेतांना दिसला. मुलींच्या वसतिगृहाचें पत्र आलें आहे. गादी व पांघरूण आपलें आणावें असें त्यांत लिहिलें आहे, म्हणून जुनी गादी पिंजून घेण्यास पिंजाऱ्याकडे दिली आहे.