दोन दुनळ्या

आमच्या घराण्यात विळी आणि अडकित्ता यांपलीकडे कोणत्याही शस्त्राला कुणी हात लावलेला नाही. तेव्हा बंदुकीच्या किमतीवर मी चार शब्द लिहावेत हा विनोदच. पण बर्मिंगहॅमला मुलीकडे राहायला गेलो असताना शेजारच्या आजीबाईंनी तो प्रसंग आणला खरा.

बाईंचे यजमान नुकतेच वारले होते. मागे दोन दुनळी बंदुका राहिल्या. एक बर्मिंगहॅमचीच, बाईंच्या वडिलांनी जावयाला दिलेली; दुसरी यजमानांनी स्वतः घेतलेली, स्पॅनिश. दोन्ही एका बंदूकवाल्याकडे जमा होत्या. घराचे छप्पर गळत होते, आणि वडिलांच्या बंदुकीत त्याचा खर्च निघेल असा बाईंचा हिशेब होता.

"स्पॅनिश काय, स्वस्तातला माल!" त्या म्हणाल्या. "त्यावरून मी त्यांना जन्मभर चिडवले."

मला हे लगेच पटले. आमचे वडील वस्तऱ्यापासून छत्रीपर्यंत 'विलायती' हा शब्द असा उच्चारीत, की पुढे बोलायला जागाच नसे. मी सोबत गेलो.

बंदूकवाल्याने नक्षीकडे पाहिलेही नाही. त्याने नळ्या सुट्या केल्या, टांगल्या आणि आपण माठ घेताना मारतो तशी टिचकी मारली. स्पॅनिश नळ्या देवघरातल्या घंटेसारख्या घुमल्या. विलायती नळ्या 'भद्द' वाजल्या. दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख सुटला होता. मग त्याने एका नाजूक यंत्राने नळीच्या पत्र्याची जाडी मोजली. इंचाचे हजार भाग केले तर त्यातले वीस तरी हवेत. इथे एका जागी सोळाच भरले. आत गंज धरला की नळी घासून साफ करतात, आणि दर खेपेस थोडे पोलाद जाते. नळी इतकी रुंदावली होती, की तिच्यावरचा परीक्षेचा शिक्काच बाद ठरला. अशी बंदूक तिकडे कायद्याने विकता येत नाही. १८१३ पासून बर्मिंगहॅमला बंदुकांची परीक्षा घेणारे प्रूफ हाउस आहे. तिथे नेहमीपेक्षा जबर दारूचा बार काढून पाहतात. "तिथे ही फुटेल," तो शांतपणे म्हणाला.

स्पॅनिश बंदूक एईबारची होती. स्पेनच्या बास्क मुलुखातले हे गाव पिढ्यान्‌पिढ्या बंदुका करणारे. १९५०च्या दशकात दोघे इंग्रज भाऊ उत्तम विलायती बंदुका घेऊन तिथल्या 'आया' कारखान्यात गेले आणि तशाच घडवून आणू लागले. ही 'नंबर दोन', लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडच्या धर्तीची. हातकाम तेच, मजुरी मात्र कमी. अर्थात सगळा स्पॅनिश माल असा नव्हे. पुष्कळसा मऊ लोखंडाचा, लवकर खिळखिळा होणारा. आणि धडधाकट 'पर्डी' समोर आली तर तिच्या किमतीपुढे एईबारने मान खालीच घालावी. पण बर्मिंगहॅमच्या साध्या जुन्या बंदुका लिलावात दोनतीनशे पौंडांतही जातात. या स्पॅनिशचे तो चौदाशे द्यायला तयार होता.

बाई खुर्चीवर टेकल्या. "माझ्या वडिलांची बंदूक..."

"मॅडम, हे तुमच्या यजमानांना ठाऊक होते," तो चाचरत म्हणाला. "माझ्या वडिलांनीच १९७४ साली त्यांना नळ्या मोजून दाखवल्या. म्हणून तर त्यांनी ही घेतली. तुम्हाला सांगू नका म्हणाले होते."

सुमारे पन्नास वर्षे हा गृहस्थ बायकोची थट्टा ऐकत राहिला होता!

बाईंनी स्पॅनिश बंदुकीच्या दस्त्यावरून हात फिरवला. गाल टेकायच्या जागी पॉलिश उडाले होते. मग त्या पर्स उचलून उभ्या राहिल्या आणि तूर्त ही विकायची नाही, असे सांगून बाहेर पडल्या.

बसच्या थांब्यावर मी भीत भीत विचारले, "आणि छप्पर?"

"बादली आहे," त्या म्हणाल्या.