पाच नंबरची लाइन

आयआरक्यू म्हणजे काय, हे मी इंजिनिअरिंगला असताना मायक्रोप्रोसेसरच्या पेपरात दहा मार्कांसाठी लिहून आलो होतो. ८२५९ चिपची आकृती, आठ लाइन्स, प्रायॉरिटी वगैरे. पुढे नोकरीत कुणी कधी विचारलं नाही. विचारलं ते मामाने, आणि तेही त्याला हा शब्द माहीत नसताना.

मामाचं भोसरीला स्प्रिंगा बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. तिथे स्प्रिंग दाबून लोड मोजणारं एक मशीन आहे, आणि ते जोडलंय १९९९ सालच्या डेस्कटॉपला. विंडोज ९८, आत एक लांबलचक आयएसए कार्ड. "अरे मग नवीन घ्या की!" असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. कार्ड बनवणाऱ्यांनी कधीच गाशा गुंडाळलाय, आणि नव्या मशीनचा कोट आला तेवढ्यात मामा वर्षभर आणखी एक कामगार ठेवेल. इकडे दोन लॉट तयार होऊन पडलेले. टेस्ट रिपोर्ट जोडल्याशिवाय गिऱ्हाईक माल उचलत नाही आणि माल उचलल्याशिवाय पैसे नाहीत. पगाराची तारीख चार दिवसांवर.

लक्षण असं, की मशीन स्प्रिंग व्यवस्थित दाबतंय, पण स्क्रीनवरचा आलेख शून्यावर आडवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये सगळं आलबेल, पिवळं उद्गारचिन्ह कुठेच नाही. तिथले काका वीस वर्षं हे मशीन चालवतायत. ते सहज म्हणाले, "गुरुवारी लाइट गेली होती ना, तेव्हापासून हा जुन्या तारखा छापतोय." बास! तारीख मागे गेली म्हणजे बोर्डावरचा रुपयाएवढा सेल मेला. आणि सेल मेला म्हणजे बायोसमधली सेटिंग्जही गेली.

आता थोडा इतिहास, कंटाळा येऊ देणार नाही. १९८१ च्या आयबीएम पीसीत इंटरप्टच्या आठ लाइन्स होत्या. १९८४ च्या पीसी-एटीत दुसरी चिप बसली, पण तिला पहिलीशी जोडण्यात एक लाइन खर्ची पडली. राहिल्या पंधरा. त्यातल्या बऱ्याच आधीच वाटलेल्या: टायमरला ०, कीबोर्डला १, फ्लॉपीला ६, हार्ड डिस्क आणि सीडीला १४-१५. ५ त्यातल्या त्यात मोकळी, म्हणून तिच्यावर सगळ्यांचा डोळा. साउंड ब्लास्टरवाल्यांना आठवेल.

जुनं आयएसए कार्ड म्हणजे एसटीच्या सीटवर खिडकीतून टाकलेला रुमाल. कार्डावरचा जंपर पाचवर लावला की जागा आपली. अडचण अशी, की बायोस नावाच्या कंडक्टरला हा रुमाल दिसतच नाही. त्याला पीसीआय कार्डं दिसतात, आणि तो त्यांना रिकाम्या वाटणाऱ्या जागा देऊन टाकतो. पीसीआयवाले एका सीटवर तिघं दाटीवाटीने बसू शकतात. आयएसएवाल्याला ते जमत नाही, त्याची सिग्नल द्यायची पद्धतच वेगळी. म्हणून कंडक्टरला तोंडाने सांगावं लागतं, की बाबा, पाच नंबर आयएसएसाठी राखीव आहे. कुणीतरी फार पूर्वी ते सांगून ठेवलं होतं, पण ते लक्षात ठेवणारा सेल गुरुवारी गेला. बायोसने पाच नंबर नेटवर्क कार्डाला दिला. विंडोजच्या लेखी ते आयएसए कार्ड अस्तित्वातच नव्हतं, मग तक्रार कोण करणार? वस्तू एकही बिघडलेली नव्हती.

कॅबिनेट उघडलं तर आतल्या पत्र्यावर बॉलपेनने लिहिलेलं: "५ / ३००". पाच आयआरक्यू, तीनशे हेक्स पत्ता. कोण होता तो बाबा माहीत नाही, पण आमच्या ऑफिसातल्या निम्म्या डॉक्युमेंटेशनपेक्षा हे बरं. जंपर तपासला, पाचवरच होता.

मग सीआर२०३२ सेल बदलला. बायोसमध्ये पीसीआय कॉन्फिगरेशनच्या पानावर ऑटोचं मॅन्युअल केलं, पाचवर 'लेगसी आयएसए' लावलं, जुना कॉन्फिगरेशन डेटा रिसेट केला आणि सेव्ह करून बाहेर. नेटवर्क कार्ड गुमान अकरावर गेलं, यूएसबीच्या शेजारी. काकांनी स्प्रिंग ठेवली, बटण दाबलं, आणि आलेख तिरका वर चढला. काका काही बोलले नाहीत, दुसरी स्प्रिंग उचलली.

आजच्या मशीनमध्ये हे भांडणच उरलेलं नाही. एमएसआय-एक्समध्ये एका कार्डाला २०४८ पर्यंत इंटरप्ट मागता येतात, तेही वेगळ्या तारेशिवाय. मला स्वतःला ते पंधरा जणांचं वाटप समजायला सोपं वाटतं, पण ते असो.

त्या रात्री हार्ड डिस्कची इमेज काढून दोन ठिकाणी ठेवली आणि बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून प्रिंट वर्कशॉपच्या भिंतीवर लावली. दोन्ही लॉट शनिवारी गेले. कार्डाला जोडीदार मात्र अजून मिळालेला नाही. जुन्या बाजारात तीन रविवार फिरलो. तुमच्या माळ्यावर आयएसएचं कुठलंही मोजमापाचं कार्ड पडलं असेल, तर भंगारात द्यायच्या आधी मला सांगा.