साठ क्राउनची बीअर

मी सावंतवाडीचा. सीमा ओलांडली की बीअरची किंमत बदलते, हे मला बीअरची चव कळण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं. बांद्याच्या पुढे पत्रादेवी, तिथून गोवा. तिकडे कर कमी, म्हणून बाटली स्वस्त. परतताना इन्सुलीच्या नाक्यावर एक्साइजवाले डिकी उघडायला लावायचे आणि मागच्या सीटवरून मी काकांचा चेहरा बघत बसायचो.

त्यामुळे मास्टर्ससाठी जर्मनीत, ड्रेस्डेनला आल्यावर पहिल्याच महिन्यात कुणीतरी म्हणालं, "चेकला जाऊ, तिकडे बीअर निम्म्या किमतीत मिळते," तेव्हा मला घरी आल्यासारखंच वाटलं.

२०२४च्या उन्हाळ्यात आम्ही तिघं निघालो. मी, एक नागपूरकर, एक पुणेकरीण. ट्रेन एल्बे नदीच्या काठाकाठाने जाते, दोन्ही बाजूंना वालुकाश्माचे कडे. तासाभराच्या आत देचीन येतं. स्टेशनपासून थोडं चालून एका साध्या पबमध्ये शिरलो. मेन्यूवर दोन आकडे, १० आणि १२. हे अल्कोहोलचं प्रमाण नाही बरं का. आंबवण्याआधी त्या रसात माल्टमधून आलेली साखर आणि बाकीचा ऐवज किती, त्याचे हे अंश. बाराची बीअर साधारण पाच टक्क्यांची असते.

अर्धा लिटर, साठ क्राउन. म्हणजे दोन युरो चाळीस सेंट. ड्रेस्डेनमध्ये आमच्या होस्टेलजवळच्या पबात तेवढ्याच ग्लासाला साडेचार युरो पडतात.

आणि चव? सॅक्सनीतली पिल्स मला कोरडी, जरा जास्त कडू लागते. इथली गोलसर होती. आधी भाजक्या पावासारखा माल्ट, मग झातेत्सच्या हॉप्सचा कडवटपणा, वर बोटभर घट्ट फेस. वेट्रेस टेबलावरच्या कागदाच्या चिटोऱ्यावर प्रत्येक ग्लासामागे एक रेघ ओढत होती. तिसऱ्या रेघेला नागपूरकर जर्मनमध्येच मोठ्याने म्हणाला, "इतकी चांगली आणि इतकी स्वस्त!"

तिने रेघ पूर्ण केली आणि तिला येत होती तेवढ्या जर्मनमध्ये म्हणाली, "तुमच्यासाठी."

रागावली नव्हती. बिल सांगावं तसं सांगितलं. पण पुढचा ग्लास मला नीट गेला नाही.

त्यानंतर मी या किमतीच्या मागेच लागलो. आधी वाटलं, गोव्यासारखंच असणार, कर कमी म्हणून स्वस्त. पण हिशेब उलटाच निघाला. बारा अंशांच्या अर्ध्या लिटरवर जर्मन सरकार पाच सेंटांच्या आत बीअर-कर घेतं, तर चेक सरकार जवळपास दोन क्राउन, म्हणजे आठेक सेंट. व्हॅटही जर्मनीत १९ टक्के, चेकमध्ये २१. म्हणजे सरकार तिकडेच जास्त घेतं.

मग ती चांगल्या दर्जाची आणि तरी स्वस्त कशी? दर्जावर जर्मन मित्र लगेच १५१६चा बव्हेरियन शुद्धतेचा कायदा काढतात: बार्ली, हॉप्स, पाणी, बाकी काही नाही. त्याच कायद्याने बीअरची किंमतही बांधून दिली होती, हिवाळ्यात एका मापाला फार तर एक फेनिग, उन्हाळ्यात दोन, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि पिल्स मुळात प्लझेन गावची. तिथल्या लोकांनी १८३८ साली खराब बीअरची पिंपं टाउन हॉलसमोर ओतून दिली, नवी ब्रुअरी काढली आणि ब्रुअर आणला तो थेट बव्हेरियातून. योसेफ ग्रोल त्याचं नाव. १८४२ साली त्याने पहिली सोनेरी पिल्स काढली. म्हणजे कसब तिकडून इकडे आलं आणि नाव इकडून तिकडे गेलं. दर्जाच्या बाबतीत ही सीमा तशी नावापुरतीच.

फरक आहे तो ग्लास टेबलावर आणून ठेवणाऱ्या हातांच्या मोबदल्यात. त्या वर्षी जर्मनीत किमान वेतन तासाला १२ युरो ४१ सेंट होतं. चेकमध्ये ११२ क्राउन ५० हेलर, म्हणजे साडेचार युरो. मी ड्रेस्डेनच्या एका गोदामात किमान वेतनावर पार्ट टाइम काम करतो. माझ्या पबातला महागडा ग्लास मला तेव्हा बावीस मिनिटांत परवडायचा. तिला तेवढाच पगार असेल, तर तिच्याच पबातला स्वस्त ग्लास तिला बत्तीस मिनिटांना पडायचा.

मग एक नेहमीचं दृश्य मला उमगलं. शनिवारी सॅक्सनीतल्या सुपरमार्केटांच्या पार्किंगमध्ये चेक नंबरप्लेटच्या गाड्या उभ्या असतात. लोणी, चीज, कपड्यांची पावडर डिकीत भरली जात असते. जर्मन लोक बीअर प्यायला आणि पेट्रोल भरायला तिकडे जातात, आणि चेक लोक किराण्याला इकडे येतात.

माझा मावसभाऊ कळंगुटला एका बारमध्ये काम करतो. एकदा सुट्टीत मी मित्रांना घेऊन तिथे गेलो होतो. आम्ही मेन्यू वाचून खूश झालो, मुंबईच्या दरांशी तुलना करत राहिलो. तो ट्रे घेऊन बाजूला उभा होता. रात्री म्हणाला, "गिऱ्हाइकाक सगळा स्वस्त दिसता, माका पगार दिसता." तेव्हा आम्ही हसलो होतो. तोही हसला होता.

देचीनहून परतताना बाड शांडाऊला जर्मन पोलीस डब्यात चढले. इन्सुलीच्या सवयीने माझा हात बॅगेतल्या दोन बाटल्यांवर गेला. त्यांना बाटल्यांशी काही देणंघेणं नव्हतं, पासपोर्ट बघितले आणि पुढे गेले.

गेल्या आठवड्यात मावसभावाचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर त्याने विचारलं, "थंय बीअर कितक्याक पडता रे?"

मी आकडा सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो.

"कोणाक?" मी विचारलं.