आयगरच्या छायेतील उतरण

प्रवासवर्णन लिहिताना माणसाच्या हातून थोडी अतिशयोक्ती होतेच. परंतु गेल्या वर्षी आमच्या हातून जे घडले त्यास अतिशयोक्ती हे नाव देणे फारच सौम्य होईल. आमची कन्या नोकरीनिमित्त झुरिक येथे असते. तिच्याकडे गेलो असता क्लाइने शायडेगच्या खिंडीपासून ग्रिंडेलवाल्डच्या तळापर्यंत आपण स्कीवरून उतरलो, असे आम्ही पुण्यास दादांना लिहून कळविले. वस्तुतः अर्ध्या वाटेवर आम्ही मुकाट्याने आगगाडीत बसलो होतो! दादांनी ते पत्र घरातील मुलांना गोळा करून वाचून दाखविले आणि तेव्हापासून ते आमच्या मनाला सारखे बोचत राहिले. म्हणून यंदा माघात पुन्हा त्याच खिंडीत जाऊन उभे राहिलो.

खिंडीची उंची २०६१ मीटर. तेथवर दातेरी रुळाची आगगाडी जाते. हा लोहमार्ग १८९३ सालचा. खालचे ग्रुंड स्थानक ९४४ मीटरांवर, म्हणजे अकराशे मीटरांहून अधिक उतार पायांखाली घ्यावयाचा. या देशात उतारांच्या प्रती रंगांनी दाखवितात : निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. आमच्या वाटेचा बराच भाग लाल. आठवड्याच्या मधला दिवस, दुपार टळलेली; वाटेवर चिटपाखरू नव्हते.

डाव्या-उजव्या वळणांनी जरा खाली आलो आणि आयगरचा उत्तरकडा अंगावर आल्यासारखा उभा ठाकला. शिखर ३९६७ मीटर, त्यापैकी सुमारे अठराशे मीटरांची ही सरळ भिंत. १९३८ पर्यंत ती कोणाही गिर्यारोहकास वश झाली नव्हती. तिच्याच पोटातून १९१२ साली पुरी झालेली युंगफ्राऊची रेल्वे जाते, हे मानवी चिकाटीचे केवढे उदाहरण! हिवाळ्यात या कड्याची सावली उतारावर पडून राहते. त्यामुळे तेथील बर्फ कोरडा राहतो, स्कीखाली पिठीसाखरेसारखा करकरतो.

तथापि उतार तीव्र झाला की आमचे धैर्य गळे. भ्यालेला मनुष्य स्वभावतःच मागे रेलतो. आणि मागे रेलला की स्कीची टोके हलकी होऊन वळेनाशी होतात, वेग मात्र वाढतो. “बाबा, दरीकडे झुका. खालच्या पायावर भार द्या,” कन्या मागून सांगत होती. मागून येणाऱ्याने पुढच्यास जपावे, असा येथील नियमच आहे. तरी ती मुद्दाम मागे राहिली आहे, हे आमच्या ध्यानात आले होते. जिला बोट धरून चालावयास शिकविले, तिच्याकडून उभे राहावयास शिकण्यात प्रथम संकोच वाटला. पुढे तोही गळाला.

आल्पिग्लेनचे स्थानक आले. सौ. गाडीने तेथवर येऊन फलाटावर चहाचा थर्मास घेऊन उभ्या होत्या. गाडी सुटावयास दहा मिनिटे होती. गुडघे कापत होते. “दादांना काही कळणार नाही हो,” त्या हळूच म्हणाल्या. त्या दयाळू शब्दांनीच आमचा निश्चय पक्का केला. चहा घेतला, गाडी जाऊ दिली.

पुढची वाट देवदाराच्या जातीच्या झाडांतून, उन्हाळ्यात गायी चरतात त्या कुरणांवरून जाते. दोनदा पडलो, दोन्ही वेळा मागे रेललो म्हणूनच. ब्रांडेगला सफरचंदाच्या चकत्यांची गोड भजी खाल्ली, आणि दिवस मावळतीला लागला असता ग्रुंडला पोहोचलो. टाळ्या वाजविणारे कोणी नव्हते. पुढे येऊन पोहोचलेल्या सौ. मात्र दिसल्या.

त्याच रात्री दादांस सविस्तर पत्र लिहिले : यंदा उतरलो ते, आणि गेल्या वर्षी उतरलो नव्हतो तेही. पहिले पत्र मुलांना वाचून दाखविले तसेच हेही दाखवावे, अशी शेवटी विनंती केली आहे. तो शेवटचा मजकूर लिहिताना हात जरा अडखळला; परंतु मागे रेललो नाही.