जागा धरणारे दात

पनवेलच्या वडाळे तलावाच्या काठानं संध्याकाळी पोरांचा घोळका खिदळत निघाला, की माझं लक्ष त्यांच्या तोंडांकडे जातं. कुणाच्या पटाशीच्या दातांत खिंडार, कुणाच्या इवल्याशा चेहऱ्यात दोनच मोठाले दात, कुणाची मधली फट शीळ घालण्याजोगी. सहा ते बारा वयातलं हे हसू आईबापांच्या जिवाला मात्र घोर लावतं.

या उलथापालथीची खरी सुरुवात कुणाच्या लक्षातच येत नाही. सहाव्या वर्षाच्या सुमारास शेवटच्या दुधाच्या दाढेमागे एक पक्की दाढ मुकाट्यानं वर येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरचे तिलाही दुधाचीच समजतात. वरची-खालची ही दाढ एकमेकींत कशी बसते, यावर पुढची सारी ठेवण उभी राहते. एडवर्ड अँगल या अमेरिकी दंतवैद्यानं १८९९ मध्ये चाव्याचे प्रकार पाडले, ते हिच्याकडेच बघून.

आमच्या नातीचे खालचे नवे दात दुधाच्या दातांमागून उगवले. दोन रांगा बघून तिच्या आजीनं देव पाण्यात घातले. डॉक्टरीणबाईंनी पुढचा दात बोटानं हलवून पाहिला. "काकू, हा पडला की मागच्याला जीभच पुढे ढकलेल." झालंही तसंच.

दुधाची दाढ किडली, की लोक म्हणतात, "पडणारच आहे की!" पनवेलच्या स्टँडवर अलिबागची गाडी लागली, की खिडकीतून सीटवर रुमाल पडतो, दुधाची दाढ तो रुमाल आहे. वेळेआधी उचलला, की शेजारचा सरकलाच. मागची दाढ पुढे येते आणि हक्काची उपदाढ वाकडी उगवते, नाहीतर हिरडीतच अडकते. म्हणून डॉक्टर तिथे तारेची कडी बसवून जागा राखतात. शिवाय दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांहून रुंद असतात. त्या पडल्यावर खालच्या जबड्यात दर बाजूला सरासरी १.७ मिलिमीटर जागा उरते, आणि तेवढ्यात पक्की दाढ पुढे सरकून नीट बसते.

समोरची फटही बहुधा अकरा-बारा वर्षांचं होईतो, सुळे उतरले की मिटते. तारांची घाई नको. पण पक्के दात आले तरी अंगठा सुटत नसेल, वरचे दात खालच्यांच्या आत बसत असतील, तर थांबू नये; कामोठे-खारघरला दंत महाविद्यालयं आहेत.

परवा पेरू खाताना नातीचे नवे दात जवळून पाहिले. धारेवर तीन-तीन बारीक उंचवटे. ते कुणी घासून द्यायचे नसतात. वरचे-खालचे दात एकमेकांना भिडू लागले, की खाता खाता झिजतात. मोठेपणीही ते जसेच्या तसे दिसले, तर समजावं, समोरचे दात एकमेकांना टेकतच नाहीत.