हर्णै ते दाभोळ : पडद्यावरची होडी

बालमित्रांनो, एसटीने तुम्ही पुष्कळ वेळा फिरला असाल. पण एका गावाहून दुसऱ्या गावाला कधी होडीने गेला आहात का? चला तर मग, आज माझ्याबरोबर दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरात या. जानेवारीची सकाळ आहे, तेव्हा स्वेटर घाला. आणि हो, त्यावर तरंगण्याचं जॅकेटसुद्धा! त्याशिवाय आपले तांडेलदादा कुणाला होडीत पाय ठेवू देत नाहीत. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. त्यांची लेक माझ्या शाळेत सातवीत आहे. तीही वही-पेन्सिल घेऊन आली आहे.

समोर पाण्यात तो सुवर्णदुर्ग पाहिलात? कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यांत हाही आहे.

आता माझ्या पिशवीतली गंमत बघा. एक जुना लॅपटॉप आणि काड्यापेटीएवढं जीपीएस यंत्र. लॅपटॉपवर 'ओपनसीपीएन' नावाचा प्रोग्रॅम आहे. जगभरच्या हौशी मंडळींनी मिळून तो तयार केला आणि सगळ्यांना फुकट दिला. तो चालायला इंटरनेटही लागत नाही! वीस हजार किलोमीटरहून जास्त उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत संदेश पाठवत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की ते छोटं यंत्र आपली जागा काढतं आणि लॅपटॉपला कळवतं. मग पडद्यावरच्या नकाशात आपली होडी सरकताना दिसते.

पण पडद्यावर पाहिलं आणि आम्ही पोट धरून हसलो. आमची होडी चक्क जमिनीवर उभी होती! असं कसं झालं? उपग्रह चुकले नव्हते, नकाशा ढोबळ होता. प्रोग्रॅमबरोबर फुकट मिळतो तो जगाचा साधा नकाशा. त्यात किनाऱ्याची रेघ जाडीभरडी असते आणि पाण्याची खोली नसते. भारताचे अधिकृत सागरी नकाशे देहरादूनचं राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करतं. ते माझ्याकडे नव्हते. म्हणजे होडी कुठे आहे ते मला कळत होतं, पण होडीखाली काय आहे ते नाही. ते तांडेलदादांना ठाऊक होतं.

पावणेसातला आम्ही निघालो. मुलांनो, आता थोडं गणित करू या. नकाशावरच्या आडव्या रेषा म्हणजे अक्षांश. एका अंशाचे साठ भाग केले, की एकेक भाग म्हणजे एक मिनिट. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे साधारण एक सागरी मैल, म्हणजेच १८५२ मीटर. हर्णै आहे सुमारे १७ अंश ४९ मिनिटांवर, आणि दाभोळच्या खाडीचं तोंड १७ अंश ३५ मिनिटांवर. ४९ वजा ३५ किती? १४. आपण जवळजवळ सरळ दक्षिणेला चाललोय, म्हणून अंतर सुमारे १४ सागरी मैल, म्हणजे २६ किलोमीटर. ताशी एक सागरी मैल या वेगाला एक नॉट म्हणतात. आमची होडी सहा नॉटने चालली होती.

डावीकडे मुरुड गेलं, कर्दे गेलं. तांडेलदादांची लेक दर अर्ध्या तासाने पडद्यावरचे आकडे वहीत उतरवत होती. मी तिला म्हटलं, "अगं, यंत्र आहे ना! वही कशाला?" ती म्हणाली, "असू दे बाई." पावणेआठला तिने लिहिलं : लाडघरसमोर, १७ अंश ४३ मिनिटं.

आणि मग धुकं आलं. आधी डोंगर दिसेनासे झाले, मग किनारा, मग होडीची नाळसुद्धा पुसट झाली. मी निर्धास्त होते. लॅपटॉप होता ना! पण बरोबर आठ वाजता पडदा काळा झाला. घरून निघताना मी बॅटरी पूर्ण भरली नव्हती. माझाच हलगर्जीपणा. खरं सांगते, माझ्या पोटात गोळा आला. दुसऱ्याची लेक बरोबर, आणि चारी बाजूंना नुसतं पांढरं.

तांडेलदादांनी इंजिनाचा वेग निम्मा केला आणि विचारलं, "कुठवर आलो गं?"

लेकीने वही उघडली. "पावणेआठला ४३. पुढं पाव तास सहा नॉटने, म्हणजे दीड मैल. आपण साडेएक्केचाळीसवर आहोत, बाबा."

"आणि आता तीन नॉट," दादा म्हणाले. "कोळथरं अजून पुढं आहे." त्यांनी होकायंत्र पाहून होडी जरा पश्चिमेला वळवली. मग शिशाचं वजन बांधलेली दोरी पाण्यात सोडून ते खोली वाव-वाव मोजू लागले. दोन्ही हात पसरले, की होतो एक वाव. खोली वाढत गेली, तसे ते निवांत झाले. किनारा दूर जात होता. मधूनमधून इंजिन थांबवून ते कान देऊन लाटांचा आवाज ऐकत.

साडेआठच्या सुमारास धुकं विरलं. डावीकडे थोडं पुढे कोळथऱ्याचा किनारा! वहीतलं गणित बरोबर आलं होतं. मी तिला म्हटलं, "पोरी, चुकले बाई मी." ती नुसती हसली.

दाभोळच्या खाडीत शिरायचं ते भरती बघून. त्यासाठी कोकणातला जुना हिशेब ऐका. तिथीची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. त्या दिवशी होती द्वादशी. बाराची पाऊणपट नऊ. आम्ही सव्वानऊनंतर तोंडाशी पोहोचलो, तेव्हा पाणी भरपूर होतं. तरीही दादा सरळ आत न जाता वळसा घेऊन गेले. "इथली वाळू दर पावसाळ्यात सरकते, बाई."

दाभोळच्या धक्क्यावर उतरलो. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी याच बंदरातून जहाजाने परतीला निघाला होता. त्याच्या वेळी कुठले उपग्रह!

मला वाटलं, दादा आता लॅपटॉपला हसतील. पण ते म्हणाले, "बाई, हे माझ्या होडीवर बसवून द्याल का? इंजिनाच्या बॅटरीवर चालेल असं. वही लेक लिहीलच." प्रोग्रॅम सुरू होताना त्याच्याही पडद्यावर सूचना येते, की केवळ माझ्यावर विसंबू नका!

आता तुमच्यासाठी दोन कामं. घरातल्या दिनदर्शिकेत आजची तिथी बघा आणि भरतीची वेळ काढा. दुसरं, होडी सात नॉटने गेली, तर हर्णैहून दाभोळला किती वेळ लागेल? उत्तर आईबाबांना विचारू नका, वहीत मांडा!